वगळलेल्या अकरा ओळी

"हे इंफाळ," असं म्हणून केळशीकर सरांनी दह्याची वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली. लिंबाची फोड उत्तरेला गेली, मिठाची बाटली दक्षिणेला, आणि माझ्या पानातली काकडीची कोशिंबीर मला न विचारता त्यांनी चिंदविन नदीच्या काठी नेऊन ठेवली. मग लाकडी काड्यांच्या चिमटीत साबुदाण्याच्या खिचडीतला एक शेंगदाणा धरून तो दह्याच्या दिशेने नेत ते म्हणाले, "आणि ही जपान्यांची तेहेतिसावी डिव्हिजन." शेंगदाणा वाटेत निसटून टेबलाखाली गेला. सरांनी खाली पाहिलंसुद्धा नाही, दुसरा उचलला. ही लढाई मी त्या टेबलावर निदान वीस वेळा पाहिली होती, आणि पाच वर्षांत त्यांच्या घरी मला कोशिंबीर धड खायला मिळाली नव्हती.

डॉक्टर वामन केळशीकर हे जपानी लष्कराच्या इतिहासाचे महाराष्ट्रातले एकमेव अभ्यासक, आणि एकमेव असल्यामुळे सर्वश्रेष्ठही. पन्नासच्या दशकात ते तीन वर्षं टोकियोला राहून आले होते. येताना भिंतीवर टांगायची एक तलवार आणली, जेवायच्या काड्यांचा जोड आणला आणि कमरेत वाकून नमस्कार करायची सवय आणली. दूधवाल्यापुढेही ते तसेच वाकायचे, आणि तो बिचारा काहीतरी हरवलंय समजून त्यांच्याबरोबर जमिनीवर शोधायला लागायचा. त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य 'जपानी माणूस' असं सुरू व्हायचं. जपानी माणूस उशीर करत नाही. जपानी माणूस मोठ्याने नाक शिंकरत नाही. पुण्यात जन्मल्याबद्दल हा मनुष्य आपल्या आईवडिलांवर मनातून रागावलेला असावा, असं माझं मत होतं.

त्यांची दोन जाडजूड पुस्तकं तोवर निघाली होती. दोन्हीत नकाशे भरपूर, बाण भरपूर. डिव्हिजन सरकायच्या, आघाड्या वळायच्या, रसद तुटायची. माणूस मात्र साडेनऊशे पानांत कुठे म्हणून दिसायचा नाही.

मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा चोवीस वर्षांची होते. जपानी भाषेच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, शिष्यवृत्तीवर एक वर्ष ओसाकाला राहून आले होते, आणि हाताने लिहिलेलं जुनं जपानी मला सरांपेक्षा चांगलं वाचता यायचं. हे सरांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. त्याचा उच्चार मात्र पाच वर्षांत एकदाही झाला नाही. ते मला 'ढवळे' म्हणत. माझं पहिलं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी होते, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या तिसऱ्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. एका जपानी लेफ्टनंटची दैनंदिनी, मराठी अनुवाद आणि टिपांसह. प्रकाशनाला निवृत्त लेफ्टनंट जनरल येणार होते, आणि नव्याने निघणाऱ्या एका युद्धइतिहास संशोधन केंद्राचे संचालक म्हणून सरांचं नाव त्याच व्यासपीठावरून जाहीर व्हायचं होतं. बावीस वर्षं ते त्या खुर्चीची वाट पाहत होते. मी जेवत असताना त्यांनी आपलं भाषण मला वाचून दाखवलं. त्यात 'मी' हा शब्द किती वेळा येतो ते मी बोटांवर मोजलं आणि बोटं संपल्यावर सोडून दिलं.

त्या दैनंदिनीचीही एक गोष्ट होती. साताऱ्याच्या पुढे निकमवाडीला यशवंत निकम नावाचे सुभेदार राहायचे. चव्वेचाळीस साली ते साधे शिपाई म्हणून इंफाळला होते. तिथे एका जखमी, पकडलेल्या जपानी अधिकाऱ्यावर त्यांचा पहारा होता. त्या अधिकाऱ्याने पाणी मागितलं, निकमांनी आपल्या बाटलीतलं पाजलं, आणि तो मेल्यावर त्याच्या अंगावरची वही त्यांनी घरी आणली. चाळीस वर्षं ती देव्हाऱ्याखालच्या फडताळात होती. निकमवाडीच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला सुभेदार ही पाण्याची गोष्ट सांगायचे. वहीत काय लिहिलंय ते मात्र त्यांना कळत नव्हतं. ते कळावं म्हणूनच त्यांनी सरांना पत्र घातलं होतं.

सर पुष्कळदा निकमवाडीला गेले, चार-चार दिवस मुक्कामाला राहिले. मला एकदाच नेलं, तेही वहीचे फोटो काढायला. सुभेदार उंच, ताठ, कमी बोलणारे. भगवा फेटा, डाव्या कानावर जरा जास्तच उतरलेला. त्यांनी पाण्याची गोष्ट मलाही सांगितली, आणि सांगताना बाटलीचं झाकण उघडल्यासारखी हाताची बोटं फिरवली. त्यांच्या पत्नी, सोनाबाई, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शंभरदा ऐकलेली गोष्ट त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होत्या. मला तेव्हा त्याचंही हसू आलं होतं.

दैनंदिनीची एकशे चाळीस पानं. त्यातली एकशे छत्तीस मी वाचली, मी मराठीत आणली, मी तीनतीनदा लिहून काढली. शेवटच्या चार पानांचे फोटो सरांनी स्वतः काढले आणि मला दिलेच नाहीत. तेवढी आपण स्वतः करणार, म्हणाले. मला वाटलं, निदान चार पानं तरी स्वतः केली असं सांगता यावं म्हणून असेल. पुस्तक छापून आलं तेव्हा मी आधी प्रस्तावना उघडली. ग्रंथपालांचे आभार होते, टोकियोच्या कुणा प्राध्यापकाचे होते, निकम कुटुंबाचे होते. सगळ्यात शेवटी एक ओळ: 'सुवाच्य हस्ताक्षरात मुद्रणप्रत तयार करून दिल्याबद्दल कु. ढवळे यांचे आभार.'

पाच वर्षांचं हे फळ. सुवाच्य हस्ताक्षर.

जेवण झाल्यावर सरांनी हात पुसून कपाटातून मूळ वही काढली. मेणकापडात गुंडाळलेली, तळहाताएवढी. ती सभागृहाच्या दारात काचेच्या पेटीत मांडायची होती आणि ते काम अर्थातच माझं होतं. "ढवळे, पानं उघडायची नाहीत," ते म्हणाले. "कागद फार नाजूक झालाय." एवढं सांगून ते कमरेत वाकले.

मी घरी आले आणि पहिल्यांदा शेवटची चार पानं उघडली. खोटं कशाला सांगू, कागदाला काही झालं नाही.

आता सरांचा एक नियम सांगायला हवा. मूळ मजकुरातलं काहीही गाळलं, अगदी एक शब्द गाळला, तरी त्या जागी तीन तारे छापायचे. वाचकाला कळलं पाहिजे की इथे काहीतरी होतं. एकदा मी दोन न लागणारे शब्द ताऱ्यांशिवाय सोडले, तर त्यांनी भर वर्गात माझा कागद वर धरला आणि म्हणाले, "ढवळे, खुणेशिवाय वगळणं ही चोरी आहे. मेलेल्या माणसाची चोरी." सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. ते वाक्य माझ्या मनात पाचरीसारखं बसलं होतं.

छापील पुस्तकातली शेवटची नोंद अशी संपत होती: 'तोंडाला कोरड आहे. मी खुणेने पाणी मागितलं.' त्याखाली सरांची टीप, की दैनंदिनी इथे संपते, आणि त्यापुढची हकीकत आपल्याला सुभेदार निकमांकडून कळते. मग पाण्याची गोष्ट, दीड पान, माणुसकी वगैरे शब्दांसह. अर्पणपत्रिकाही सुभेदारांनाच होती.

वहीत मात्र दैनंदिनी तिथे संपत नव्हती. त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा ओळी होत्या. अक्षर लटपटलेलं, पण लागत होतं. मला तर सहज लागलं. अकरा ओळी गेल्या होत्या आणि त्या जागी एकही तारा नव्हता.

मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी त्या ओळींचा अनुवाद केला, माझ्या सुवाच्य हस्ताक्षरात लिहिला आणि चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, सगळं उघड आहे. पुस्तकाला गोड शेवट हवा होता, जनरलसाहेबांपुढे लष्कराची अब्रू राखायची होती, संचालकाची खुर्ची हवी होती. म्हणून तीन ताऱ्यांचा नियम सांगणाऱ्या या सोवळ्या माणसाने गुपचूप अकरा ओळी खाल्ल्या. पाच वर्षं ज्याला मी मनातल्या मनात ढोंगी म्हणत होते, तो ढोंगी निघाला होता. दुसऱ्या कुणाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. तिरस्कार एवढा भरला होता की दुसरं माणूस शिरायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत नेहमीची शालवाली मंडळी, ज्यांना कुठलंही पुस्तक चालतं, नंतर चहा असला म्हणजे झालं. निकमवाडीहून एक टेम्पो भरून माणसं आली होती. दोन रांगा त्यांनीच अडवल्या होत्या. मधोमध सुभेदार, कडक इस्त्रीचा कोट, त्यावर पदकं, भगवा फेटा. शेजारी सोनाबाई नवं नऊवारी नेसून. पुस्तकाची प्रत त्यांनी मांडीवर पदराने झाकून धरली होती. त्यांना वाचता येत नव्हतं.

जनरल बोलले. प्रकाशक बोलले. सुभेदारांना व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं, तेव्हा निकमवाडीच्या दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. मग सर बोलले, पाऊण तास. आणि शेवटी, जपानी माणूस टीकेला घाबरत नाही असं सांगून, त्यांनी श्रोत्यांना प्रश्न विचारायचं आवाहन केलं. असं आवाहन करायचं असतं म्हणून करतात. कुणी विचारत नाही. मी उभी राहिले.

"सर, मूळ दैनंदिनीतला मजकूर तुम्ही कुठे वगळला आहे का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला, आणि मला ते दिसलं म्हणून बरं वाटलं. क्षणभर त्यांची नजर माझ्यावरून निघून निकमवाडीच्या रांगांकडे गेली. मला वाटलं, साक्षीदार किती आहेत ते मोजताहेत.

"ढवळे," ते अगदी हळू म्हणाले, "हे आपण उद्या बोलू."

त्यांनी मला कधी विनंती केली असेल तर ती एवढीच. पण त्या दिवशी मला ती ऐकू आली नाही.

"शेवटच्या नोंदीतल्या अकरा ओळी गाळल्या आहेत," मी सभागृहाला सांगितलं. "त्या जागी खूण नाही. खुणेशिवाय वगळणं ही मेलेल्या माणसाची चोरी, असं सरांनीच आम्हाला शिकवलं आहे." मागे खसखस पिकली. मी घडी उलगडली आणि वाचायला लागले. स्वच्छ, सावकाश, एकही शब्द न गाळता.

"'मी खुणेने पाणी मागितलं. पहाऱ्यावर आज नवा शिपाई आहे. त्याचा डावा कान अर्धा तुटलेला आहे.'"

निकमवाडीच्या रांगांत एकदम शांतता झाली. तोवर पिशव्यांची, बांगड्यांची, खोकल्याची जी कुजबुज चालू होती ती थांबली. मला ती दाद वाटली.

"'त्याने बाटलीचं झाकण उघडलं, माझ्याकडे पाहत सगळं पाणी जमिनीवर ओतलं आणि हसला. तरुण आहे. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असेल. तो पलीकडे गेल्यावर मी ओली माती उचलून चोखली. थोडी ओल मिळाली. त्याला पुन्हा एकदा मागून पाहीन.'"

मी कागद खाली घेतला. शहरातली माणसं व्यासपीठाकडे पाहत होती, सर आता काय बोलतात म्हणून. निकमवाडीची चाळीस माणसं मात्र सुभेदारांकडे पाहत होती. आणि सोनाबाईंनी मान वळवून आपल्या नवऱ्याच्या फेट्याकडे पाहिलं.

सर ध्वनिक्षेपकाजवळ आले. "ढवळे सांगतात ते खरं आहे," ते म्हणाले. "ओळी मी वगळल्या. खूण केली नाही. कारण सांगण्यासारखं नाही. या पुस्तकाचा संपादक म्हणवून घ्यायला मी लायक नाही, आणि केंद्राच्या पदालाही नाही." 'जपानी माणूस' हे शब्द त्यांनी वापरले नाहीत. जनरलसाहेब समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले.

मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात सुभेदार उठले. त्यांनी फेट्याला दोन्ही हात लावले. आमच्याकडे भर सभेत कुणी आपला फेटा उतरवत नाही. त्यांनी तो उतरवला आणि खुर्चीवर ठेवला. पांढरे, बारीक कापलेले केस, आणि डाव्या बाजूला वरचा अर्धा भाग नसलेला कान.

"बाई, तुमी वाचलं ते बराबर हाय," ते मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्यो शिपाई मीच. त्याच सकाळी माझा जोडीदार पडला हुता. पर ते काय कारन न्हवं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"गावाला म्या चाळीस वरसं पाणी पाजल्याचं सांगितलं. हिलाबी त्येच सांगितलं. पर त्यानं काय लिवलं आसंल ह्ये मला सारकं खायाचं. म्हनून वही दिली सरांकडं. म्हनलं, एकदा कळू दे, काय व्हायचं ते हुदे. सर वाचून आलं, वसरीवर बसलं आन् म्हनलं, सुभेदारसाहेब, त्यानं लिवलंय का शिपायानं मला पाणी दिलं. मला वाटलं, मरताना मला माफ करून गेला. माझ्यासाठनं खोटं लिवून गेला. दोन वरसं मी नीट झोपलो, बाई."

सुभेदारांनी व्यासपीठाकडे वळून हात जोडले. "सर, वही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि अंगावरची शाल काढून तिची घडी खुर्चीवर ठेवली. श्रीफळही ठेवलं. मग ते बोडक्या डोक्याने मधल्या वाटेने दाराकडे निघाले. सोनाबाई थोडा वेळ बसूनच होत्या. मग त्यांनी फेटा उचलला, मांडीवरचं पुस्तक उघडून न पाहता शालीवर ठेवलं आणि फेटा पदराखाली घेऊन त्या त्यांच्यामागे गेल्या. त्यांच्या मागोमाग दोन्ही रांगा उठल्या. वाटेत मी उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, शिवी दिली नाही, धक्काही लागू दिला नाही.

सर त्यांच्यामागे धावत खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोच्या मागे उभं राहून ते कमरेत वाकले आणि टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंत तसेच वाकून राहिले. खाली शालवाली मंडळी जमली होती. त्या दिवशी सरांच्या वाकण्याला कुणी हसलं नाही.

माझं मात्र चांगलं झालं. वर्तमानपत्रात दोन कॉलमांची बातमी आली, 'तरुण संशोधिकेची निर्भीडता' म्हणून. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे मी दीड वर्षात पीएच.डी. पुरी केली. पुढे संचालकाच्या त्याच खुर्चीवर नऊ वर्षं बसले, आणि वगळलेल्या मजकुराच्या खुणांवर माझी व्याख्यानं अजूनही लोक आवडीने ऐकतात. सुभेदार त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेले. निकमवाडीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला आता दुसरं काहीतरी सांगतात, असं कळलं. मी तिकडे गेले नाही. एकदा साताऱ्यापर्यंत गेले आणि एसटी स्टँडवर चहा पिऊन परत आले.

सरांनी पुढे काही लिहिलं नाही. विद्यापीठ सोडलं, भाषणं सोडली. आठ वर्षांनी एक दिवस टपालाने जाड पाकीट आलं. आत त्या दैनंदिनीची दुसरी आवृत्ती होती, स्वतःच छापलेली, अगदी साध्या कागदावर. पत्र नव्हतं. मी शेवटची नोंद काढली. 'मी खुणेने पाणी मागितलं.' त्याखाली तीन तारे. पाण्याची गोष्ट काढून टाकली होती, माणुसकी वगैरे शब्द काढून टाकले होते. अर्पणपत्रिका होती तशीच होती, सुभेदार यशवंत निकमांना.

मग मी प्रस्तावना उघडली. ग्रंथपालांचे आभार होते, टोकियोच्या प्राध्यापकाचे होते, निकम कुटुंबाचे होते. सगळ्यात शेवटी माझं नाव होतं, पहिल्या नावासकट, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

'वगळलेला मजकूर एकही शब्द न गाळता अचूक वाचल्याबद्दल डॉ. कमलिनी विष्णू ढवळे यांचे आभार.'

ती प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यावर मी अजून माझं नाव घातलेलं नाही.